बरणीतली शेतीशाळा : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कीटकांचे घरगुती प्रयोग

हरभरा फुलोऱ्यात आला की घाटेअळी दिसू लागते आणि घाटेअळी दिसली की घरात फवारणीचा विषय निघतो. त्या चर्चेत घरातील बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोणी काही विचारत नाही. फवारणी न झालेल्या त्याच हरभऱ्यातून साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या दहा लहान अळ्या त्याने आणाव्यात, दहा वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, रोज सकाळी कोवळा पाला बदलावा आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहावे, एवढे काम त्याच्यावर सोपवून पाहावे. बहुतेक अळ्या खात राहतात आणि फुगत जातात. एखाद-दुसरी मात्र खाणे सोडते, आक्रसते आणि तिच्या वाळक्या कातडीला लागून राखाडी-पांढरा, काळसर ठिपक्यांचा एक इवलासा कोष दिसू लागतो. हा कोष अळीचा नव्हे. आठवडाभराने त्यातून पतंग बाहेर पडत नाही. बाहेर येते ती लांब मिशांची, सडपातळ बांध्याची, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील एक परोपजीवी माशी. कॅम्पोलेटिस क्लोरिडी हे तिचे शास्त्रीय नाव. भारतात हरभऱ्यावरील घाटेअळीच्या शत्रूंमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे. तिच्या आईने शेतातच त्या अळीच्या अंगात अंडे घातले होते आणि मुलाने अळी उचलली तेव्हाच तिचा शेवट ठरलेला होता.

विस्तार कार्यकर्त्याने मित्रकीटकांवर दिलेले व्याख्यान आणि मुलाच्या डब्यातून निघालेली ही माशी यांत फरक आहे. व्याख्यान ऐकून माणसे मान डोलावतात. डब्यातील माशी मात्र घरातले प्रत्येक माणूस वाकून पाहते. दहापैकी तीन अळ्यांतून माशा निघाल्या, तर त्या तीन अळ्यांसाठी कोणत्याही कीटकनाशकाची गरज नव्हती, हे मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अर्थात दहा ही संख्या फार लहान आहे आणि एवढ्यावरून फवारणी रद्द करण्याचा निर्णय घेऊ नये. त्यासाठी ओळीतील एक मीटर अंतरावर एक ते दोन अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस प्रतिदिन आठ ते दहा पतंग, ही आर्थिक नुकसान पातळीची मोजमापे आहेतच. पण ज्या घरात मूल रोज सकाळी दहा डबे उघडते, त्या घरात ‘अळी दिसली’ हे फवारणीचे पुरेसे कारण मानले जाण्याऐवजी ‘किती दिसल्या’ हा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दहा वेगळे डबे का, हे मुलाला आधी सांगू नये. बहुतेक मुले पहिल्या वेळी सगळ्या अळ्या एकाच बरणीत टाकतात आणि दोन दिवसांनी मोजतात तेव्हा अळ्या कमी भरतात. झाकण घट्ट होते, भोके बारीक होती, मग अळ्या गेल्या कोठे? घाटेअळी स्वजातिभक्षक आहे. अरुंद जागेत मोठी अळी लहान अळीला खाते. असा फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगाइतकाच मोलाचा असतो, फक्त तो वहीतून खोडता कामा नये. डब्याच्या तळाशी दोन बोटे ओलसर माती असावी, कारण निरोगी अळी वाढ पूर्ण झाल्यावर मातीत शिरून कोषात जाते आणि तिचा पतंग निघण्यास दहा ते पंधरा दिवस, थंडीत त्याहून अधिक काळ लागतो. एखादी अळी मऊ व काळी पडून मेली, तर तो बहुधा विषाणूचा रोग असतो. शेतात अशा अळ्या झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या आढळतात. एचएएनपीव्ही या नावाने मिळणारे जैविक कीटकनाशक याच विषाणूपासून तयार करतात. दहा डब्यांत एवढे तीन शेवट पाहावयास मिळाले, तर तो हंगाम चांगला गेला असे समजावे.

आपल्याकडे कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण त्यामुळे एक गैरसमज पक्का होतो: पीक आजारी आहे, कीटक म्हणजे आजार, आणि औषध दिले की पीक बरे होते. शेतातील बहुसंख्य कीटक पिकाला हात लावत नाहीत. काही निरुपद्रवी असतात, काही एकमेकांना खातात आणि काही पिकाला फळ धरण्यास मदत करतात. हे ओळखण्यास मोठ्या माणसाला कठीण जाते, कारण त्याची नजर नुकसान शोधण्याला सरावलेली असते. सहावी ते आठवीचे मूल या बाबतीत अधिक लायक निरीक्षक आहे. त्याला वेळ असतो, कुतूहल असते आणि अजून कोणत्याही कीटकाशी त्याचे वैर जडलेले नसते.

या वयाच्या खेड्यातील मुलांनी हातांनी विज्ञान करावे, हा विचार भारतात नवा नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगाधारित विज्ञान शिक्षण सुरू केले. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. १९७८ मध्ये तो उपक्रम जिल्ह्यातील सर्व पूर्व माध्यमिक शाळांत पोहोचला आणि पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. प्रयोग करून मुलांनी उत्तर शोधावे आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसावे, अशी पद्धत होती. महागड्या उपकरणांचे स्तोम नव्हते. विच्छेदनाच्या सुईचे काम बाभळीच्या काट्याने भागत असे. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम थांबवला. मुलांना प्रयोग झेपत नाहीत, असे त्या तीस वर्षांत दिसलेले नाही. विज्ञानाच्या नव्या पुस्तकांतही आता कृती भरपूर आहेत. उणीव असते ती बरेच दिवस चालणाऱ्या प्रयोगासाठी लागणाऱ्या जागेची आणि सवडीची. ती घरी मिळते.

घरी करण्याजोगा सर्वांत खात्रीचा प्रयोग स्वयंपाकघरातच असतो. मूग, मटकी, चवळी, हरभरा यांना लागणारा भुंगेरा प्रत्येक घराला ठाऊक आहे; पण तो दाण्यात शिरतो कसा, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. ‘कडधान्य ठेवले की आपोआप पडते’ असे आजही म्हटले जाते. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने काही भांड्यांत मांस उघडे ठेवले, काही भांडी झाकली, आणि माशी बसू शकली तेथेच अळ्या झाल्या हे दाखवले. मुगावर हाच प्रयोग अधिक स्वच्छ रीतीने करता येतो.

काचेच्या चार सारख्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत शंभर ग्रॅम अखंड, न किडलेले मूग घालावेत. पहिल्या बाटलीतील मूग जसेच्या तसे ठेवावेत. दुसऱ्या बाटलीतील मुगाला एक मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब खाद्यतेल सारखे चोळावे. किलोला दहा मिलिलिटर हे प्रमाण त्यातूनच येते. तिसऱ्या बाटलीत कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळावा. या तिन्ही बाटल्यांत प्रत्येकी दहा जिवंत भुंगेरे सोडून तोंडाला पातळ कापड बांधावे. चौथ्या बाटलीत काहीही न मिसळता व एकही भुंगेरा न सोडता तसेच कापड बांधावे. ही चौथी बाटली मुलांना निरर्थक वाटते. तिचे महत्त्व महिन्याने कळते.

पाच-सहा दिवसांत प्रौढ भुंगेरे दाण्यांवर अंडी चिकटवतात. साखरेच्या कणापेक्षाही लहान अंड्याचा चपटा ठिपका साध्या भिंगातून स्पष्ट दिसतो. येथे एक बारकावा मुलांकडून मुद्दाम टिपून घ्यावा. अंडे फुटले की आतील अळी बाहेर न येता तळातून थेट दाण्यात शिरते आणि मागे पडणाऱ्या भुग्याने रिकामे टरफल दुधाळ पांढरे होते. न फुटलेले अंडे पारदर्शक राहते. पहिल्या बाटलीत पांढरे ठिपके बहुसंख्य दिसतात. तेलाच्या बाटलीत एकूण अंडीच कमी, आणि असतील त्यांपैकी बरीच पारदर्शक. तेलाचा थर अंड्याचा श्वास कोंडतो, हे स्पष्टीकरण मोजणी झाल्यावर द्यावे, आधी नको. सुमारे तीस अंश तापमानात साधारण चार आठवड्यांनी दाण्यांना गोल खिडक्या पडतात आणि नवी पिढी बाहेर येते. तेव्हा प्रत्येक बाटलीतून न निवडता शंभर दाणे काढून भोके पडलेले दाणे मोजावेत. मग पहिल्या बाटलीतील वीस भोकाचे व वीस सावूत दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते पाहावे. बियाण्याची किंमत त्या फडक्यात दिसते.

कडुनिंबाच्या बाटलीत काय होईल, हे येथे लिहिलेले नाही आणि घरीही कोणी आधी सांगू नये. पाला किती वाळलेला होता, किती मिसळला, केव्हा तोडला यांवर निकाल बदलतो. आजीची खात्री आणि नातवाची मोजणी येथे जुळतील किंवा जुळणार नाहीत; दोन्ही गोष्टी घरात मोकळेपणी बोलल्या जाव्यात. चौथ्या बाटलीतूनही भुंगेरे निघाले, तर मुलाला वाटते की प्रयोग बिघडला. खरे तर तेव्हा तो सर्वांत अधिक शिकवतो: दाणे वरून निरोगी दिसत होते, पण कीड शेतातूनच, शेंगेवर घातलेल्या अंड्यांतून आत आली होती. म्हणूनच साठवणीपूर्वी कडधान्याला कडक ऊन देण्याची रीत आहे.

हा प्रयोग केवळ शाळकरी राहू नये, याला एक गंभीर कारण आहे. बियाणे व धान्य वाचवण्यासाठी काही घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून माणसे झोपतात त्याच खोलीतील कणगीत टाकल्या जातात. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो माणसाचाही जीव घेतो. राहत्या घरात या गोळ्यांना स्थान नाही. त्यांचा वापर प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली बंदिस्त गोदामांतच व्हावा असा नियम आहे. दहा-वीस किलो घरगुती मुगासाठी शंभर ते दोनशे मिलिलिटर तेल पुरते हे ज्या घरात मुलाने मोजून दाखवले, तेथे गोळीचा विषय काढणे अवघड होते.

भोपळ्याच्या वेलावरचा प्रयोग याच्या उलट अंगाचा आहे; येथे कीटकाला दूर ठेवून त्याची उणीव मोजायची असते. त्यासाठी लाल भोपळा घ्यावा. दुधी किंवा दोडका घेऊ नये, कारण त्यांची फुले सायंकाळी उमलतात आणि मुलांना अंधारात थांबावे लागते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व ऊन चढता चढता मिटते. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढे फळ आधीच असते, नर फुलाखाली नुसता देठ असतो. ही ओळख पटली की अर्धे काम झाले. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी कळ्या आदल्या सायंकाळी हेरून काहींना मलमलीची पिशवी बांधावी. सकाळी त्यांपैकी निम्म्या कळ्यांची पिशवी सोडून, नर फुलाचे केसर हाताने मधल्या खडबडीत भागावर टेकवून पिशवी पुन्हा बांधावी. उरलेल्या पिशव्या उघडूच नयेत. शेजारच्या काही मोकळ्या फुलांना नुसता रंगीत दोरा बांधावा आणि त्यांच्यावर सकाळी पंधरा मिनिटांत किती मधमाश्या बसल्या ते मोजावे. सातेरी कोणती, फुलोरी कोणती, आग्यामाशी कोणती हे ओळखता आले तर उत्तम. नाही आले तरी ‘मोठी माशी’, ‘लहान माशी’ एवढी नोंद चालेल.

बंद पिशवीतील फळे काही दिवसांत पिवळी पडून गळतात. हाताने परागीभवन केलेली बरीच फळे धरतात. मोकळी फुले सगळीच धरतील असे नाही. वेल आपल्या ताकदीपेक्षा जास्त झालेली फळे स्वतःच गाळतो. म्हणून प्रत्येक प्रकारची निदान चार-पाच फुले घ्यावीत आणि सगळी एकाच दिवशी मिळाली नाहीत तर आठवडाभर काम चालू ठेवावे. गळालेले मोकळे फळ फेकण्यापूर्वी कापून पाहावे. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील, तर दोष परागीभवनाचा नसून फळमाशीचा आहे. ‘फळ गळाले’ या एकाच तक्रारीमागे दोन वेगळी कारणे असतात आणि दोन्हींवर एकच फवारणी सुचवणारा सल्ला एका कारणासाठी तरी चुकीचा असतो. भोपळ्याचे फूल दुपारपूर्वी मिटते हे ज्या मुलाने घड्याळ लावून पाहिले, त्याला फवारणी अटळच असेल तर ती सायंकाळी का करावी हे सांगावे लागत नाही.

मावा आणि ढालकिडा यांचा प्रयोग दोन दिवसांचा आहे. ढालकिड्याचा प्रौढ सर्वांना आवडतो. त्याची अळी मात्र काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसते आणि पिकावर दिसताच चिरडली जाते. दोन डब्यांत चवळीची माव्याने भरलेली कोवळी डहाळी ठेवून प्रत्येकीवर पन्नास मावे मोजून ठेवावेत. एका डब्यात ढालकिड्याची एक अळी सोडावी. दुसऱ्या दिवशी अळीच्या डब्यातील मावा स्पष्टपणे घटलेला असतो. अधिक विस्मय दुसरा डबा देतो: तेथील मावा पन्नासच राहिलेला नसतो, वाढलेला असतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते. खाल्लेला मावा आणि न जन्मलेला मावा असा दुहेरी हिशेब येथे मांडावा लागतो, आणि गणितात कच्चे समजले जाणारे मूलसुद्धा तो आवडीने मांडते.

कोण कोणाला खातो हे बरणीत ठेवून पाहण्याची ही रीत शेतीशाळेतूनच आली आहे. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक कीटकनाशकांमुळेच वाढतो आहे, कारण त्यांनी कोळी व इतर शत्रू मारले जातात, हे लक्षात आल्यावर १९८६ साली तेथे सत्तावन्न कीटकनाशकांच्या भातावरील वापरावर बंदी आली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. त्या शाळांत शेतकरी अनोळखी कीटक झाडासकट जाळीत ठेवून पाहत. हरियाणातील जींद जिल्ह्यातील निडाना येथे कृषी विकास अधिकारी डॉ. सुरेंद्र दलाल यांच्या पुढाकाराने कापसाच्या शेतात महिलांच्या पाठशाळा भरल्या. तेथे कीटकांची विभागणी शत्रू व मित्र अशी न करता शाकाहारी व मांसाहारी अशी केली गेली. ही विभागणी मुलांच्या वहीसाठीही अधिक चांगली आहे, कारण तिला न्यायनिवाडा लागत नाही, फक्त पाहावे लागते.

खबरदारीच्या गोष्टी थोड्या पण कडक आहेत. कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा, कितीही वेळा धुतलेला असला तरी, या कामासाठी घेऊ नये. फवारलेल्या शेतातून काही आणू नये. फवारणी झाली की नाही हे मोठ्यांनी सांगावे, मुलाने अंदाज करू नये. बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे प्रयोगाच्या बाटलीत येऊ देऊ नये. केसाळ सुरवंट उघड्या हाताने उचलू नये. पानासकट, चिमट्याने उचलावा. प्रयोग संपल्यावर ढालकिडे व परोपजीवी माश्या शेतात सोडाव्यात. घाटेअळीचे पतंग आणि भुंगेरे साबणाच्या पाण्यात बुडवावेत.

विस्तार कार्यकर्त्याचे काम यात थोडे आहे, पण ते तारखा पाळण्याचे आहे. दहापट मोठे दाखवणारे एक हातभिंग आणि दोन हात मलमल एवढे साहित्य गावात ठेवावे आणि बाटल्या लावल्याच्या तिसाव्या दिवशी मोजणीला स्वतः हजर राहावे. मुलाच्या वहीतील आकडे मोठ्यांच्या शेतीशाळेत त्याच मुलाने वाचून दाखवावेत. अधिकाऱ्याने त्याच्या वतीने बोलू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागीर व व्यावसायिकांकडे शिकण्याची तरतूद आहे. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जेथे ट्रायकोकार्ड तयार होतात, तेथे या दहा दिवसांपैकी एक दिवस मिळाला तर पुरे. काळी पडलेली अंडी व त्यांतून निघणाऱ्या ट्रायकोग्रामा माश्या भिंगातून पाहून मुले घरी जातील आणि कार्ड दुपारच्या उन्हात का लावायचे नाही हे घरच्यांना सांगतील.

हंगामाचे गणित साधे आहे. भोपळ्याचा प्रयोग पावसाळ्यात वेल फुलू लागला की, माव्याचा प्रयोग मावा दिसेल त्या आठवड्यात, आणि घाटेअळीचा हरभरा कळीवर येताच, पहिल्या फवारणीच्या आधी. मुगाच्या बाटल्या बारा महिने लावता येतात, फक्त थंडीत भुंगेऱ्याची पिढी पूर्ण होण्यास बराच अधिक काळ लागतो. उत्तर भारतातील जानेवारीत महिना उलटून गेला तरी दाण्यांना भोके दिसणार नाहीत. तेवढ्यावरून बाटल्या रिकाम्या करून धुऊन टाकू नयेत. होळीपर्यंत फळीवर तशाच राहू द्याव्यात.